कृष्णनाथबाबांची तीन पाकिटं

सुलोचना गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो घरात नव्हता. बायकोच्या फोटोसाठी कृष्णनाथ केणींनी ट्रंका उपसल्या, आल्मारीचे खण उलटे केले, तेव्हा पुतण्याच्या मुंजीतला एक घोळक्याचा फोटो सापडला. त्यात ती मागच्या रांगेत, एका जाड बाईच्या खांद्याआडून अर्धी डोकावत होती. म्हापशाच्या स्टुडिओवाल्याने तेवढाच चेहरा मोठा करून दिला. भिंतीवर सुलोचना आली, पण तिच्या गालाला चिकटून त्या दुसऱ्या बाईचा कान आणि कानातली कुडीही आली.

कृष्णनाथबाब रोज त्या फोटोपुढे उदबत्ती लावत. वर्षभराने एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की डोळे मिटले तरी आपल्याला आता सुलोचना दिसत नाही. भिंतीवरचा तो धुरकट चेहरा दिसतो, आणि कानासकट दिसतो. त्याच दिवशी ते जवळच्या बोर्ड्याला गेले आणि जहाजावरून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याचा जुना डबा कॅमेरा विकत घेऊन आले. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. आपल्या बाबतीत व्हायचं ते झालं, निदान डिचोलीतल्या आपल्या आतल्या पेठेत दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

डिचोलीच्या तालुका कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली होती. चौदा वर्षं पोर्तुगीज साहेबाच्या हाताखाली आणि गोवा मुक्त झाल्यावर सोळा वर्षं आपल्या सरकारच्या. साहेब बदलले, कागदावरची भाषा बदलली, पण त्यांच्या हातून कधी एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. निवृत्तीच्या समारंभात मामलेदारांनी हे भाषणात सांगितलं होतं, आणि कृष्णनाथबाबांना त्यातलं तेवढंच वाक्य आठवत होतं.

स्टुडिओवाल्याने त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. फोटो काढायचा तर साडेचारनंतरच्या तिरप्या उन्हात काढावा, आणि धुऊन आलेल्या फोटोच्या तोंडाला बोट लावू नये. दोन्ही त्यांनी नियम म्हणून लिहून घेतल्या. मग रोज संध्याकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून ते पेठेच्या बोळांतून हिंडू लागले. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ कौलांवर आणि चिऱ्याच्या भिंतींवर बसलेली असे, उतरत्या उन्हात ती चांगली दिसे. दारादारांतून माणसं हाक मारत. पाववाला पोदेर सायकलवरून उतरून टोपली डोक्यावर घेऊन उभा राहिला. शिंपी गळ्यात टेप टाकूनच बाहेर आला. बायका मात्र "वाईच रावा" म्हणून साडी बदलायला आत जात, आणि त्या बाहेर येईपर्यंत ऊन गेलेलं असे. मग कृष्णनाथबाब दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. सुलोचना गेल्यापासून कुणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं.

डिसेंबर अखेरीच्या एका संध्याकाळी त्यांनी लागोपाठच्या तीन घरांत तीन फोटो काढले. पुढचं सगळं त्या तीन फोटोंमुळे झालं.

पहिलं घर कमलाक्षीबायचं. साठी उलटलेली, एकटी राहणारी, ताठ कण्याची बाई. ती दारात अशी उभी राहिली की जणू कुणी घर जप्त करायला आलं होतं. कृष्णनाथबाबांनी थोडं हसायला सांगितलं.

"हासपाक कितें जालां?" ती म्हणाली. "फोटो काडटात, लग्न न्हय."

तिचा एकुलता एक मुलगा गोपाळ बहरीनला होता. साडेचार वर्षांपूर्वी त्याने तिथल्या इस्पितळातल्या एका मलबारी नर्सशी लग्न केलं आणि नंतर आईला कळवलं. कमलाक्षीबायला लिहिता येत नव्हतं. तिने उत्तर सांगितलं आणि ते कृष्णनाथबाबांनी लिहून दिलं. 'तुझे तोंड मला दाखवू नकोस,' असं त्यात होतं. सांगणाऱ्याचा एक शब्द बदलायचा नाही ही त्यांची कचेरीतली शिस्त, म्हणून त्यांनी ते जसंच्या तसं, वळणदार अक्षरात लिहिलं. त्यानंतर गोपाळचं एकही पत्र आलं नाही. कमलाक्षीबायने कधी त्यांना बोल लावला नाही, पण तिच्या दारावरून जाताना कृष्णनाथबाबांची चाल आपोआप भरभर होई.

समोरच्या घरात आनंदी. ही उलट बाई. सकाळी पाण्याचा घडा फुटला तरी हसायची. "दांत दिसपाक जायनात हां," असं तिने बजावलं आणि कळ दाबायच्या क्षणी सगळे दात दाखवून हसली. तिचा सखाराम कुवेतला एका तेल कंपनीच्या कचेरीत होता, तेहतीस वर्षांचा आणि अजून बिनलग्नाचा. पाच वर्षांत आनंदीने त्याला नऊ मुली सुचवल्या होत्या आणि त्याने नऊही नाकारल्या होत्या.

तिसरी जानकी. सव्वीस वर्षांची, माहेर पेडण्याचं, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. नवरा बाबली जहाजावर. ती अंगण झाडत होती, साडी बदलायला लाजली, म्हणून पदर गळ्याशी घट्ट धरून हातात झाडू घेऊन तशीच उभी राहिली. फोटो चांगला येणार हे कृष्णनाथबाबांना कॅमेऱ्याच्या काचेतच कळलं होतं.

रोल धुऊन आल्यावर तिघींनाही आपापला फोटो परदेशी पाठवायचा होता. कृष्णनाथबाबांनी ते काम अंगावर घेतलं. मेजावर तीन पाकिटं ओळीने मांडली, पत्ते लिहिले. पहिलं गोपाळचं, दुसरं सखारामचं, तिसरं बाबलीचं. पत्रंही ज्या त्या पाकिटात घालून झाली होती. आनंदीने सांगितलं होतं, 'फोटो पाठवला आहे. नीट बघ आणि कसा वाटतो ते कळव. तू लवकर ये म्हणजे माझ्या जिवाला शांती मिळेल.' जानकीने आपलं आपणच लिहून, घडी चिकटवूनही दिलं होतं. कमलाक्षीबायने फार विचार करून दोनच वाक्यं सांगितली होती: 'फोटो पाठवीत आहे. मी जिवंत आहे.' आणखी काही लिहू का, असं कृष्णनाथबाबांनी दोनदा विचारलं. नको म्हणाली.

तोंडाला बोट लागू नये म्हणून तिन्ही फोटो त्यांनी पातळ कागदात गुंडाळले होते आणि पाकिटांच्याच क्रमाने एकावर एक ठेवले होते. वरचा कमलाक्षीबायचा, मधला आनंदीचा, खालचा जानकीचा. एवढ्यात कमलाक्षीबाय दारात आली. जाण्याआधी एकदा बघायचा होता, म्हणाली. त्यांनी वरचा कागद सोडून दाखवला. तिने फोटो हातात घेतला नाही, नुसती वाकून बघत राहिली.

"इतली म्हातारी जाल्यां हांव?" तिने विचारलं.

उजेड कमी होता, असं काहीसं कृष्णनाथबाब म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी फोटो पुन्हा गुंडाळला आणि डोक्यात तिचंच वाक्य घोळत असताना तो गठ्ठ्याच्या खाली ठेवून दिला. मग वरून एकेक घेऊन पाकिटात घातला, खळ लावली आणि पाकिटं पोस्टात टाकून आले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

पहिलं उत्तर सखारामचं आलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. यशवंत पोस्टमनने ते आनंदीला दिलं आणि ती ते घेऊन हसतच कृष्णनाथबाबांकडे वाचून घ्यायला आली. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

'ती. आईस सा. नमस्कार. फोटो मिळाला. आजवर तू सुचवलेल्या प्रत्येक मुलीला मी नाही म्हटले, त्याबद्दल तू रागावली असशील. पण ही मुलगी मला पसंत आहे.'

ते थांबले. आनंदीने पुढे वाचायची खूण केली. पुढे लिहिलं होतं की मुलीचे डोळे बोलके आहेत, साडी साधी आहे म्हणजे उधळी नसावी, हातात झाडू घेऊनच फोटो काढला आहे म्हणजे कामाचा कंटाळा नसावा. खोलीतल्या चारही मित्रांना मुलगी आवडली आहे. मे महिन्याची रजा मागितली असून लग्न त्याच रजेत उरकावं.

झाडूपाशी येताच कृष्णनाथबाबांनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. न वाचलेल्या भागात वेगळंच काही घालून वाचावं असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण तीस वर्षांची जीभ वळली नाही. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि मग खाली मान घालून सांगितलं की पाकिटं बदलली आहेत, आणि सखारामला पसंत पडलेली मुलगी म्हणजे शेजारची जानकी.

आनंदी एवढी हसली की तिला खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. मुलगा लग्नाला तयार झाला यातच तिला सगळं मिळालं होतं. मुलगी दुसऱ्याची बायको आहे ही तिच्या लेखी पुढची गोष्ट होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला बातमी कळली. पोदेर पाव देताना कृष्णनाथबाबांना विचारू लागला की हे पाव तुमचेच ना, का शेजाऱ्याचे.

दोन आठवड्यांनी बाबलीचं पत्र आलं. बाबलीने जहाजावर सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं की बायकोचा फोटो येणार आहे. जेवणाच्या मेजावर सगळ्यांसमोर त्याने पाकीट फोडलं आणि आतून कमलाक्षीबाय निघाली, ताठ उभी, कपाळाला आठ्या. त्या दिवसापासून जहाजावर त्याला आजोबा म्हणतात, असं त्याने लिहिलं होतं, आणि शेवटी हळूच विचारलं होतं की तुझी तब्येत बरी आहे ना.

जानकी रागावली नाही. तिने कृष्णनाथबाबांकडून दुसरा फोटो काढून घेतला, मात्र पाकीट स्वतः चिकटवलं आणि पोस्टातही स्वतःच टाकलं. याच सुमारास आनंदी तिच्या अंगणात जाऊन बसली आणि तिला पेडण्याला धाकटी बहीण आहे का, ती दिसायला जानकीसारखी आहे का, तिला झाडता येतं का, अशी चौकशी करून आली. बहीण होती. नाव विनोदिनी. तिचा फोटो काढायला कृष्णनाथबाबांनी पेडण्याला यावं असा निरोप आला, तेव्हा ते म्हणाले की फोटो काढतो, पण पाकिटाला हात लावणार नाही.

लोक हसत होते आणि कृष्णनाथबाबही त्यांच्याबरोबर हसत होते, पण घरी आल्यावर हसू टिकत नसे. हिशेब सोपा होता. सखारामला जानकी गेली, बाबलीला कमलाक्षीबाय गेली, म्हणजे गोपाळला आनंदी गेली. साडेचार वर्षांनी आईने मुलाला तोंड दाखवलं, आणि ते तोंड दुसरीचं होतं.

दोन दिवस मन घट्ट करून ते कमलाक्षीबायकडे गेले. ती सोप्यावर तांदूळ निवडत होती. त्यांनी उभ्याउभ्याच कबुली दिली आणि आजच्या आज खरा फोटो आणि माफीचं पत्र पाठवतो म्हणाले. तिने सूप खाली ठेवलं.

"आनंदीचो गेलो? बरें जालें. ती तरी हांसता."

मग ती म्हणाली की पाठवू नका, तो कुठे उघडून बघतोय. कृष्णनाथबाब परत फिरले. पण त्यानंतर ते पाहत होते, रोज अकराच्या सुमाराला यशवंत बोळात शिरला की कमलाक्षीबाय तुळशीकडे येई आणि सकाळीच सारवलेलं वृंदावन पुन्हा न्याहाळत उभी राही. यशवंत पुढे गेला की ती आत जाई.

शिगम्याचे ढोल थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी यशवंत तुळशीपाशी थांबला. कमलाक्षीबाय पाकीट पदराखाली धरून बोळ ओलांडून आली. ते तिने फोडलंही नव्हतं. कृष्णनाथबाबांनी सुरीने कड कापली.

'ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार. फोटो पोचला. रोज कामावर जाताना बघतो. तू हसते आहेस हे पाहून बरे वाटले. तुझा राग गेला नसेल असे मला वाटत होते. मी इतके दिवस लिहिले नाही कारण तूच तसे लिहिले होतेस. आता वाटते, तरीही लिहायला हवे होते. तुझ्या कपाळावर डाव्या बाजूला व्रण दिसतो, तो कसला? कुठे पडली होतीस का? हे मात्र मला नक्की कळव. तुझा गोपाळ.'

पत्र संपलं. कमलाक्षीबायने ते आणखी एकदा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आपली आवय वळखूंक ना ताणें."

कृष्णनाथबाबांनी समजूत घातली. फोटो लहान, काळा-पांढरा. त्याने आठ वर्षांपूर्वी घर सोडलेलं, मध्ये एकदाच येऊन गेलेला. माणसाचा चेहरा मनातून पुसट होतो, त्याचा दोष नसतो. हे शेवटचं बोलताना त्यांची नजर भिंतीवरच्या सुलोचनाकडे गेली. मग ते म्हणाले की काही झालं तरी आता खरं कळवलं पाहिजे.

"खरें सांगलें जाल्यार लजेन मरतलो," ती म्हणाली. "मागीर परत चार वर्सां कागद ना."

मग तिने पदर सावरला आणि लिहायला सांगितलं. व्रणाचं काय लिहायचं, त्यांनी विचारलं.

"बरयात, तुळशीकडेन निसरून पडलें. आतां बरें आसा."

कृष्णनाथबाबांनी टाक खाली ठेवला. आनंदीच्या कपाळावरचा व्रण कमलाक्षीबायच्या नावावर चढवायचा, हे त्यांना एखाद्या जमिनीच्या उताऱ्यात खोटं नाव घालण्यासारखं वाटत होतं. तिने काही मनधरणी केली नाही, नुसती वाट बघत राहिली. मग त्यांनी लिहिलं. 'तुळशीजवळ घसरून पडले होते. आता बरे आहे.' आणि तिने न सांगितलेलं एक वाक्य त्याखाली घातलं: 'तुझी वाट बघते.' सगळं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी ते अडखळले. कमलाक्षीबायने त्यांच्याकडे पाहिलं, पण खोड म्हणाली नाही.

एप्रिलच्या मध्यावर, पाचच्या सुमाराला, कृष्णनाथबाब आनंदीच्या सोप्यावर बसून नव्या रोलचे फोटो तिला दाखवत होते. बोळाच्या तोंडाशी एक माणूस दिसला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, चुरगळलेली विजार, हातात एक बॅग. तो चालत होता तसा माणूस सहसा आपल्या गावी चालत नाही. प्रत्येक दाराकडे बघत, पाय ओढत येत होता. आनंदीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तिला ओळख पटली.

"गोपाळ न्हय मरे हो?"

तो थांबला. त्याने आनंदीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जवळ येऊन त्याने हलक्या आवाजात विचारलं, "मावशे, कितले दीस जाले?"

तो मागे गावी येऊन गेल्याला किती दिवस झाले असं तो विचारतोय असं आनंदीला वाटलं. एवढा हिशेब तर ती झोपेतही सांगू शकली असती.

"दीस कसले पुता? चार वर्सां जालीं, वयर."

गोपाळच्या हातातली बॅग खाली पडली. "चार वर्सां," तो म्हणाला, "आनी म्हाका कोणें कळयलें ना?" आणि तो बोळाच्या मधोमध खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. आनंदीही घाबरून रडू लागली. कशाला, ते तिला माहीत नव्हतं. पोदेराने सायकल भिंतीला टेकवली. शिंपी बाहेर आला. कृष्णनाथबाब फोटो छातीशी धरून उभे होते आणि त्यांच्या मनात हळूहळू काहीतरी उलगडत होतं.

गलबला ऐकून समोरच्या दारात कमलाक्षीबाय आली. हाताला पीठ लागलेलं, कपाळाला आठ्या, कणा ताठ. तिने रस्त्यात बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"वाटेर कित्याक बसला? घर खंय आसा तें विसरलो?"

गोपाळने तोंडावरचे हात काढले. तो आईकडे इतका वेळ बघत राहिला की शिंप्याला वाटलं, ह्याला झटका आला. मग तो उठला, धडपडत गेला आणि उंबऱ्यावरच तिचे पाय धरले. ती पीठ लागलेले हात वर धरून उभी राहिली. कुठे ठेवावे ते तिला कळेना. शेवटी तिने ते त्याच्या डोक्यावर ठेवले आणि त्याचे काळे केस पांढरे झाले.

खुलासा झाला तो पाणी पिऊन झाल्यावर, सोप्यावर. गोपाळने फोटो पाहताक्षणी आनंदीला ओळखलं होतं. लहानपणी अर्धी जेवणं जिच्या घरी जेवला, तिला तो कसा विसरेल. पण पत्रात लिहिलं होतं, 'मी जिवंत आहे,' आणि फोटो दुसरीचा. जिवंत माणूस असं कशाला लिहील, असा विचार त्याच्या डोक्यात शिरला. आई गेली असावी, आणि आपल्याला धक्का बसू नये म्हणून पेठेतल्या लोकांनी हे केलं असावं, असं त्याला वाटलं. सरळ विचारायची हिंमत झाली नाही. हो असं उत्तर आलं असतं तर. म्हणून त्याने व्रणाचं विचारलं.

"तो व्रण म्हजो," तो म्हणाला. "विटी म्हजी लागिल्ली तिका."

कमलाक्षीबायने आनंदीकडे पाहिलं. आनंदीने पदर तोंडाला लावला. तेव्हा तिने सगळ्यांना दार लागलं म्हणून सांगितलं होतं, कारण खरं सांगितलं असतं तर पोराचं काय झालं असतं ते तिला माहीत होतं. सव्वीस वर्षं ही गोष्ट दोघांतच राहिली होती. आई असती तर 'मला कसला व्रण?' म्हणून तिने उलट विचारलं असतं. बहरीनला मात्र 'तुळशीजवळ घसरून पडले' असं उत्तर आलं, तेव्हा गोपाळची खात्रीच पटली. वर 'तुझी वाट बघते' हे आईने जन्मात म्हटलं नसतं असं वाक्य. त्याने त्याच दिवशी रजा मागितली आणि पहिल्या मिळालेल्या विमानाने निघाला.

"तें वाक्य म्हजें," कृष्णनाथबाब हळूच म्हणाले. "तिणें सांगूंक नाशिल्लें."

कमलाक्षीबायने गोपाळच्या डोक्यातलं पीठ झाडलं, जरा जोरानेच. मग समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं की ती कुठे आहे. ती म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं. गोपाळ म्हणाला की इस्पितळाने रजा दिली नाही, आणि मुलीला एकट्याने एवढ्या लांब आणता आलं नाही. मुलगी हा शब्द ऐकून कमलाक्षीबायची मान वळली. ती काही विचारणार नाही हे ओळखून गोपाळने खिशातलं पाकीट काढलं, त्यातून एक लहानसा फोटो काढला आणि तिच्यापुढे धरला. तीन वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी.

कमलाक्षीबायने फोटो हातात घेतला. उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला. बोळातलं ऊन आता कौलांवर चढलं होतं आणि सगळेजण ती काय म्हणते याची वाट बघत होते. ती कृष्णनाथबाबांकडे वळली.

"ह्या फोटोक तुमी हात लावूंक ना मगे?"

"ना," कृष्णनाथबाब म्हणाले.

"जाल्यार ही आमचीच."